चार नंबरच्या ओळीत सातचा आकडा

“मॅडम, तुमचा डबा मले खोटं सांगून राहिला.”

बोरकर साहेब फोनवर आधी घरच्यांची चौकशी करतात, मग कापसाचं सांगतात आणि मग कामावर येतात. त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांनी थेट हेच वाक्य टाकलं. ते सावनेरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत सेफ्टी ऑफिसर आहेत. ‘डबा’ म्हणजे आमच्या कंपनीचा गॅस मॉनिटर.

आधी माझं काम सांगते. मी नागपूरच्या आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत कर्नल इंजिनिअर आहे. लग्नकार्यात हे सांगितलं की निम्मे लोक विचारतात, “म्हणजे मिलिटरीत?” तो कर्नल वेगळा. कोणत्याही कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कोणाची पाळी कधी, हे तो ठरवतो. आमच्या डब्यातला कर्नल आम्ही स्वतः सांभाळतो. त्यातलं मेमरीचं खातं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे.

खाणीत खाली जागोजागी सेन्सर लावलेले असतात. हवेत मिथेन गॅस किती टक्के आहे, ते मोजतात. आकडा केबलने वर कंट्रोल रूममध्ये आमच्या डब्यात येतो. स्क्रीनवर प्रत्येक सेन्सरची एक ओळ दिसते. आकडा मर्यादेच्या पुढे गेला की त्या भागाची वीज आपोआप कापली जाते आणि माणसं बाहेर काढतात. मिथेनला ठिणगी मिळाली तर काय होतं, ते कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही विचारा.

“नीट सांगा साहेब,” मी म्हणाले. “काय झालं?”

“चार नंबरले स्क्रीनवर शून्य पॉइंट दोन. आन् माह्या ओव्हरमनच्या हातातल्या मीटरवर शून्य पॉइंट आठ. त्यानं दुसरं मीटर मागवलं. त्याच्यावरबी आठच. मी त्या भागातली माणसं बाहेर काढली.”

ओव्हरमन म्हणजे पाळीत एका भागावर देखरेख करणारा माणूस.

“सगळे ठीक आहेत ना?”

“हाव. वर येऊन चहा पिऊन राहिले. आठ म्हणजे मर्यादेच्या खालीच होतं, घाबरू नका. पण मॅडम, तो जुना माणूस हाय म्हणून त्यानं मीटरवर भरोसा ठेवला. नवा असता, तर स्क्रीनवर दोन पाहून मीटरच ठोकत बसला असता.”

मी विचारलं, “त्या वेळी सात नंबरला स्क्रीनवर किती होतं?”

हा प्रश्न मी का विचारला, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सरचे आकडे डब्यात घेणाऱ्या कोडमध्ये, चार आणि सात नंबरचे सेन्सर एकाच पोर्टवर येतात, एवढं डोक्यात होतं. साहेबांनी रजिस्टर पाहून सांगितलं, “सातले शून्य पॉइंट दोन.”

सेन्सर बिघडला असता तर आकडा वेडावाकडा आला असता. केबल तुटली असती तर ओळ लाल झाली असती. इथं चारच्या ओळीत सातचा आकडा बसला होता, अगदी शहाण्यासारखा. बिघाड खाणीत नव्हता. तो माझ्या खात्यात होता.

का, ते सोप्या भाषेत सांगते. कर्नल मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे करतो. एका तुकड्याला पेज म्हणतात. प्रत्येक पेजमागे एक आकडा असतो: सध्या किती जण हे पेज वापरत आहेत. याला आम्ही रेफकाउंट म्हणतो. नवीन कोणी पेज घेतलं की एकाने वाढवायचा, सोडलं की एकाने कमी करायचा. शून्य झाला की पेज मोकळं, आणि कर्नल ते पुढच्याला देऊन टाकतो.

यात दोन प्रकारे चुकता येतं. कमी करायला विसरलात तर पेज कधीच मोकळं होत नाही. मेमरी हळूहळू संपते आणि मशीन अडकून बसतं. हा त्रास आहे, पण दिसणारा त्रास आहे. दुसरी चूक म्हणजे एकदा जास्त कमी करणं. मग एक जण पेज वाचत असतानाच कर्नल ते मोकळं समजतो आणि दुसऱ्याला देतो. दुसरा त्यावर आपलं लिहितो. पहिला ते आपलंच समजून वाचत राहतो. मशीन अडकत नाही, कुठे लाल दिवा लागत नाही. ओळ चारची, आकडा सातचा.

अकरा वाजता मी गावंडे सरांच्या केबिनमध्ये होते. गावंडे सर आमचे टेक्निकल प्रमुख. डब्याची पहिली आवृत्ती त्यांनी जवळजवळ एकट्याने लिहिली आहे. वय पंचावन्न, आवाज खालचा, आणि कोणतीही अडचण आली की पहिला उपाय ठरलेला.

“रीस्टार्ट टाकू,” ते म्हणाले. “दर रविवारी पहाटे डबा आपोआप रीस्टार्ट होईल. तोपर्यंत बग शोध.”

“डबा हँग होत नाहीये सर. हँग झाला असता तर मी स्वतः रीस्टार्ट टाकला असता. हा चालू राहून चुकीचं दाखवतोय. रविवारी रीस्टार्ट केला तर सोमवारी दाखवेल.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझं काय म्हणणं?”

माझं म्हणणं मी ग्रेप मारून तयार ठेवलं होतं. ग्रेप म्हणजे सगळ्या कोडमध्ये एखादा शब्द शोधणं. आमच्या कर्नलमध्ये रेफकाउंटच्या आकड्याला एकशे एकतीस ठिकाणी थेट हात लावला जात होता. कुठे वाढवला, कुठे घटवला, कुठे चक्क ‘एक’ लिहून टाकला. ज्याला जिथे गरज पडली तिथे त्याने. इतक्या ठिकाणांतून कोणी एकदा जास्त घटवला, हे नुसतं वाचून कळणं कठीण होतं.

“मला आधी रिफॅक्टर करायचं आहे,” मी म्हणाले. “आकड्याला थेट हात लावायची सोय बंद. वाढवायचं एक फंक्शन, घटवायचं एक, तपासायचं एक. सगळे तिथूनच जातील. मग त्या फंक्शनमध्ये नोंद ठेवता येईल: कोणतं पेज, कोणी वाढवलं, कोणी घटवलं.”

रिफॅक्टर म्हणजे कोड काय करतो ते न बदलता त्याची आतली मांडणी बदलणं. प्रमुखांना हा शब्द फारसा आवडत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

“मी बग शोध म्हणतोय, तू घर झाडायला निघालीस.”

“झाडल्याशिवाय सापडणार नाही सर.”

“किती दिवस?”

“दहा.”

“आणि दहा दिवसांनी बग गेलेला असेल?”

“नाही. बग तिथंच असेल. फक्त दिसेल.”

सरांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी बोरकर साहेबांना स्पीकरवर घेतलं. साहेबांनी हिशेब आधीच केला होता.

“पंधरा दिवस मी हातातल्या मीटरवर खाण चालवतो. ओव्हरमन दुप्पट फेऱ्या मारतीन. पंधरा दिवसांनी तुमचा डबा खरं बोलला पाह्यजे. नाही तर मी काढून ठेवतो. मंग तुम्ही मले आग्रह करू नका.”

“दहा दिवस घे,” फोन ठेवल्यावर सर मला म्हणाले. “अकरावा मागू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी खाणीवर गेले. सोबत फरहीन होती. ती आमच्याकडे टेस्टिंग सांभाळते, म्हणजे आम्ही बनवलेलं मोडून दाखवणं हे तिचं काम. ती ते आनंदाने करते. सहा वर्षांत मी खाणीवर दोनदाच आले होते आणि दोन्ही वेळा कंट्रोल रूममधूनच परतले होते, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं आणि जरा लाज वाटली.

बोरकर साहेबांनी आम्हाला आधी लॅम्प रूम दाखवली. खाली जाणारा प्रत्येक माणूस इथून डोक्यावरचा दिवा घेतो आणि आपलं टोकन देतो. वर आला की दिवा परत, टोकन परत. खाली किती माणसं आहेत हे बोर्डावरच्या टोकनांवरून कळतं. मी त्यांना रेफकाउंट समजावून सांगत होते, तर त्यांनीच मला मध्ये थांबवलं.

“म्हंजे हेच ना? तुमच्याइथं टोकन घेणाऱ्या खिडक्या किती?”

“एकशे एकतीस.”

साहेबांनी आपल्या खिडकीकडे बोट दाखवलं. “मॅडम, माह्याइथं एकच खिडकी हाय. दुसरी उघडली असती तर माही नोकरी गेली असती.”

फरहीन हसली. मला हसता आलं नाही.

मग आम्ही खाली गेलो. इन्क्लाइनच्या, म्हणजे खाली जाणाऱ्या तिरक्या बोगद्याच्या, उतारावरून चालत, टोपीचा दिवा एकमेकींच्या डोळ्यांत न मारता. चार नंबरच्या सेन्सरपाशी तो ओव्हरमन भेटला. मडावी नाव. पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने केबलकडे बोट दाखवलं. एका ठिकाणी जोड होता, त्यावर टेप. थोडं पुढे आणखी एक जोड.

“तुटते का ही?” मी विचारलं.

“तुटते जी. कधी खांब सरकवताना, कधी गाडी घासते. आमी जोडतो. आठवड्यातून एक-दोन डाव.”

फरहीन टेपच्या जोडाकडे बघत उभी राहिली. परतीच्या गाडीत कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, एक बात बोलू? आपल्या लॅबमध्ये केबल कधी तुटतच नाही. मी महिनोन्‌महिने टेस्ट चालवते, पण केबल लावली की लावली. इथं तर रोज का खेल आहे.”

“तू काय करशील?”

“काढेन. लावेन. काढेन. लावेन.”

त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं. पण मला तेव्हा माझे एकशे एकतीस दिसत होते.

काम सोमवारी सुरू केलं. अशा कामात एक साधी युक्ती असते. मी तीन फंक्शन्स लिहिली आणि मग आकड्याच्या फील्डचं नावच बदलून टाकलं. आता जुन्या नावाने जो कोणी थेट हात लावत असेल, त्याचा कोड कंपाइलच होणार नाही, म्हणजे मशीनवर चालेल असा तयारच होणार नाही. ग्रेपला चुकवता येतं, कंपाइलरला नाही.

कंपाइलरने यादी ओकली. एकशे शेहेचाळीस. ग्रेपपेक्षा पंधरा जास्त. हे पंधरा जुन्या मॅक्रोंच्या आड लपलेले होते. मॅक्रो म्हणजे एका शब्दामागे दडवलेला कोडचा तुकडा. त्या पंधरा जागा मी वेगळ्या कागदावर लिहिल्या. लपलेल्या गोष्टीकडे आधी बघावं हा माझा स्वभाव आहे.

पुढचे आठ दिवस नुसतं बदलत गेले. काम कंटाळवाणं होतं, पण हात सैल सोडून चालत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं: हा इथे वाढवतोय, तर कमी कोण करतो? उत्तर सापडलं की शेजारी लिहायचं. एकशे एकोणचाळीस ठिकाणी जोडी सापडली. सात ठिकाणी पटकन सापडली नाही. ती मी तशीच ठेवली. रिफॅक्टर करताना वागणूक बदलायची नाही हा नियम मी स्वतःलाही लावते. हात शिवशिवतात, चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करावीशी वाटते. तसं केलं की पुढे काय कशामुळे झालं ते कळत नाही.

मधे एकदा गावंडे सर मागे येऊन उभे राहिले.

“जमून राहिलं का?” घाईत असले की सर घरची भाषा बोलतात.

“जमतंय.”

“बग?”

“अजून बघितलाच नाही.”

ते गेले. दरवाजा मात्र जरा जोरात लागला.

नवव्या दिवशी नवा कर्नल लॅबमधल्या डब्यावर चढवला. सगळ्या जुन्या टेस्ट पास झाल्या. म्हणजे वागणूक बदलली नव्हती, बगसुद्धा जसाच्या तसा आत होता. आता फरहीनची पाळी. तिने आठ सेन्सर जोडले, समोर खुर्ची ओढली आणि चार नंबरची केबल काढायला-लावायला सुरुवात केली. शेजारी वही. प्रत्येक वेळेला एक रेघ.

मी चहा घेऊन येईपर्यंत तिच्या वहीत सदतीस रेघा होत्या.

“मॅडम,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “इकडे या.”

स्क्रीनवर चार नंबरच्या ओळीत सातचा आकडा होता. आम्ही सातच्या सेन्सरला मुद्दाम वेगळा नकली आकडा दिला होता, त्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही. वर्षानुवर्षं हा डबा आमच्या लॅबमध्ये टेस्ट होत होता. त्याला खोटं बोलायला सदतीस वेळा केबल काढणं पुरेसं होतं.

नोंद उघडली. त्या पेजची कहाणी सहा ओळींत होती. ड्रायव्हरने घेतलं, एक. डिस्प्लेने, म्हणजे स्क्रीनवर आकडा दाखवणाऱ्या कोडने, घेतलं, दोन. केबल तुटली. डिस्प्लेने सोडलं, एक. पुन्हा जोडणीच्या कोडमध्ये आणखी एकाने घटवलं, शून्य. कर्नलने पेज सातला दिलं. ड्रायव्हर मात्र ते अजून चारचंच समजून वापरत होता, आणि स्क्रीनवर चारच्या ओळीत त्यातलाच आकडा जात होता.

या दुसऱ्या घटवणुकीचा पत्ता नोंदीतच होता. मी माझा पंधरा जणांचा कागद काढला. तो त्यात होता, अकरावा. ओळ उघडली. वर कॉमेंट होती: ‘तात्पुरतं. मूळ कारण सापडल्यावर काढणे.’ आणि खाली गावंडे सरांची आद्याक्षरं. ओळ आठ वर्षं जुनी.

माझा पहिला विचार फार चांगला नव्हता. मनात म्हटलं, सापडले सर. दुसरा विचार पाच मिनिटांनी आला आणि त्याने मला खुर्चीत बसवलं. ही ओळ आठ वर्षं तिथे आहे, तर आठ वर्षं डबा खोटं का बोलला नाही?

जुना इतिहास काढला. उत्तर तासाभरात मिळालं. आठ वर्षांपूर्वी डिस्प्ले पेज सोडताना आकडा कमी करायला विसरत असे. त्यामुळे प्रत्येक वेळी केबल तुटली की एक पेज वाया जायचं, आणि काही आठवड्यांनी डबा अडकायचा. सरांना विसरणारा सापडला नाही. त्यांनी जोडणीच्या कोडमध्ये एक घटवणूक टाकून आकडा जुळवला. एकाने कमी केला नाही, दुसऱ्याने त्याच्या नावाने केला. डबा चालू लागला.

मागच्या वर्षी मला तो विसरणारा सापडला. डिस्प्लेच्या कोडमध्ये जिथे आकडा कमी करायचा राहून गेला होता तिथे मी तो कमी केला. एका ओळीची, अगदी बरोबर दुरुस्ती. तिच्यावर मी मोठी कॉमेंट लिहिली होती आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दाखवली होती. टाळ्याही पडल्या होत्या. त्या दिवसापासून आकडा दोनदा कमी होऊ लागला.

म्हणजे सरांची ओळ चुकीची होती, पण कोणाला इजा करत नव्हती. माझी ओळ बरोबर होती, आणि तिने मडावीच्या हातातलं मीटर खोटं ठरवायची वेळ आणली.

मी दोन्ही ओळी एकाच कागदावर छापल्या आणि केबिनमध्ये गेले. कागद टेबलावर ठेवला. सरांनी वरची ओळ वाचली. मग तारीख.

“हे माझं आहे,” ते म्हणाले.

“आणि खालचं माझं.”

त्यांनी खालची वाचली. पुन्हा वरची. माझी कॉमेंटही वाचली, आणि ती वाचताना त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सुटली असं मला वाटलं.

“मला सांगायचं राहून गेलं तुला,” ते म्हणाले. “मी ती ओळ टाकली तेव्हा ठरवलं होतं, महिन्याभरात काढू. मग दुसरं काम आलं.”

“मीही विचारलं नाही सर. इतकी वर्षं पेज वाया जातंय, तरी डबा का अडकत नाही, हे मला खटकायला हवं होतं. मी खुश होऊन पुढे गेले.”

“दुरुस्ती?”

“तुमची ओळ काढायची. एवढीच.”

“काढ.” मग थांबून म्हणाले, “नको. मी काढतो.”

त्यांनी कितीतरी वर्षांनी स्वतः कोडमध्ये हात घातला. ओळ गेली. फरहीनने केबल दोनशे वेळा काढली आणि लावली. दुसऱ्या दिवशी आणखी तीनशे वेळा, आठही सेन्सरांची आलटून पालटून. आकडे आपापल्या ओळीत राहिले. तिच्या अंगठ्याला फोड आला, तो तिने सगळ्या ऑफिसला दाखवला. ज्या सात ठिकाणी मला जोडी सापडली नव्हती, त्यांतलं हे एक होतं. उरलेल्या सहांपैकी पाच निर्दोष निघाली. एका ठिकाणी खरोखर पेज वाया जात होतं. तेही दुरुस्त केलं, पण या वेळी आधी सगळ्यांना विचारून.

आता प्रश्न होता बोरकर साहेबांना काय सांगायचं. सर म्हणाले, “सॉफ्टवेअर इश्यू होता, सुटला. एवढं पुरे.”

“त्यांनी माणसं बाहेर काढली सर. त्यांना काय झालं ते कळायला हवं. शिवाय आपण डब्यावर पुन्हा विश्वास ठेवा म्हणणार. कशाच्या जोरावर?”

सर उठले. “गाडी काढायला सांग,” ते म्हणाले.

सावनेरला पोचल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी बोरकर साहेबांना सगळं स्वतः सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची ओळ, ती का टाकली, का काढली नाही. माझ्या दुरुस्तीबद्दल एवढंच म्हणाले की ती बरोबर होती, आणि ती करण्याआधी मी त्यांना विचारावं अशी पद्धत त्यांनी घालून दिली नव्हती. मला ते जरा जास्तच उदार वाटलं. मी तसं म्हणाले. साहेबांनी दोघांकडे पाहिलं.

“तुम्ही दोघं नंतर वाटून घ्या,” ते म्हणाले. “मले एक सांगा. उद्या दुसऱ्या कोणी अशी ओळ टाकली, त मले कसं समजन?”

“टाकता येणार नाही,” मी म्हणाले. “आता खिडकी एकच आहे. दुसरीकडून हात घातला तर कंपाइलच होत नाही. आणि एका पेजचा आकडा शून्याखाली जायला लागला तर डबा आता गप्प बसत नाही. ओळ लाल करतो आणि ओरडतो.”

“खोट्यापेक्षा ओरडलेलं बरं.”

“तेच.”

“मंग दाखवा.”

दाखवणं म्हणजे त्यांच्या पद्धतीचं. पूर्ण एक पाळी, सकाळी सहा ते दोन. खाली मडावी आणि आणखी तीन ओव्हरमन हातात मीटर घेऊन. साहेब सांगतील तेव्हा, साहेब सांगतील ती केबल काढायची आणि जोडायची. वर कंट्रोल रूममध्ये फरहीन आकडे वाचणार, खालून फोनवर मीटरचे आकडे येणार, साहेब दोन्ही रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी लिहिणार. मी कोपऱ्यात बसून राहिले. मला करण्यासारखं काही नव्हतं आणि मी तशी निवांत होते. पाचशे वेळा केबल काढून झालेली असली की माणसाला झोप नीट लागते.

दहाच्या सुमाराला एकदा दोन आकड्यांत फरक आला. स्क्रीनवर शून्य पॉइंट तीन, मीटरवर शून्य पॉइंट पाच. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंद उघडली, त्या पेजचा आकडा दोन होता, जसा हवा तसा.

“मीटर बदलून बघायला सांगा,” मी म्हणाले.

साहेबांनी फोन उचलला. “काय गा मडावी, दुसरं मीटर लाव बरं.”

अर्ध्या मिनिटाने उत्तर आलं. दुसऱ्या मीटरवर तीन. पहिल्याचं कॅलिब्रेशन चुकलं होतं, म्हणजे ते मोजणीलाच बिघडलं होतं. साहेबांनी ते मीटर रजिस्टरमध्ये लाल पेनाने बाद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाला पुढं.”

दोन वाजता पाळी संपली. आकडे सगळे जुळले होते. डबा पुन्हा कामावर घेतल्याच्या कागदावर साहेबांनी सही केली. दुप्पट फेऱ्या त्यांनी तरी आणखी आठवडाभर चालू ठेवल्या. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पुढे तीन महिन्यांनी एका दुपारी त्यांचा फोन आला. या वेळी आधी घरच्यांची चौकशी झाली. कापसाचं झालं. मग म्हणाले, “आज चार नंबरले गॅस चढला. तुमच्या डब्यानं वीज कापली. माणसं वर आली. मीटरवर तेवढाच आकडा होता. पंखे वाढवले, आता हवा साफ हाय.”

“बरं झालं,” मी म्हणाले.

“हाव. सांगावं म्हटलं.”

मी फोन ठेवून कामाला लागले. गावंडे सरांना सांगितलं तेव्हा तेही फक्त “हं” म्हणाले आणि त्या दिवशी ऑफिसमधून वेळेवर घरी गेले.

आमच्या ऑफिसात आता एक पद्धत आहे. जुनी चूक सापडली की ज्याला सापडली तो ती लगेच दुरुस्त करत नाही. आधी एक प्रश्न लिहून सगळ्यांना पाठवतो: ही चूक आहे असं धरून आणखी कोणी काही लिहिलं आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही. वर्षातून एखाद्या वेळी कोणीतरी हात वर करतं, आणि अजूनपर्यंत प्रत्येक वेळी तो हात कंपनीतल्या सगळ्यात जुन्या माणसाचा होता.